विकतचं मिक्स

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. शाळेशी त्याचा संबंध तसा लवकरच सुटला होता. हा डीजे. शहरातल्या अर्ध्याअधिक डीजेंनी त्याच्या हाताखाली वायरी गुंडाळत हा धंदा शिकून घेतला, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. लग्न असो, कंपनीची पार्टी असो, हॉटेलचा हॉल असो, मास्तर टेबलामागे उभा राहिला की नाचणाऱ्यांची खाली बसायची बिशाद नाही, असं तो स्वतः सांगायचा. इतरही सांगायचे, पण जरा कमी.

तर हा मास्तर एका सकाळी वरच्या खोलीत चहा पीत बसला होता. खाली बायकोचं ब्यूटी पार्लर आणि वर यांच्या राहायच्या खोल्या. पार्लरमध्ये गाणी लागली की शब्द खालीच राहायचे, नुसता बेस तेवढा जमिनीतून वर यायचा. मास्तरचा पाय त्या बेसवर हलायला लागला. चहा संपला, कप विसळून झाला, तरी पाय आपला हलतोच आहे. मग त्याच्या ध्यानात आलं की मघापासून गाणी बदलत गेली आणि एकाचाही जोड आपल्याला कळलेला नाही. एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, पत्ताच नाही. ज्याला दुसऱ्याने दिलेला जोड झोपेतसुद्धा टोचतो, अशा माणसाला. तो तसाच स्लिपर अडकवून खाली उतरला.

पार्लरमध्ये पुरुषांनी दाराच्या आत यायचं नाही, हा बायकोचा नियम, आणि तो नवऱ्यालाही लागू. मास्तर उंबऱ्यावर थांबला. बायको एका गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होती.

"हे कुठलं लावलंयस गं?" त्याने तिथूनच विचारलं.

"बारक्याचं."

"आपल्या बारक्याचं?"

"आपल्या कसलं? मोठा माणूस झाला तो आता. महिन्याच्या महिन्याला नवीन पाठवतो. छान असतात."

"पाठवतो म्हणजे, असंच?"

"असंच कोण पाठवेल? पैसे भरते मी."

हे बोलून ती ब्रश पुन्हा वाटीत बुडवून कामाला लागली, जणू दूधवाल्याचं सांगितलं. इकडे मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत चार बाया डोक्याला फॉइल लावून बसलेल्या, त्यांच्यासमोर काय बोलणार? तो मुकाट्याने वर गेला.

आता हा बारक्या कोण, ते सांगितलं पाहिजे. मास्तरकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याला स्पीकर उचलायला सांगितला, तर स्पीकरने त्यालाच खाली बसवला. तेव्हापासून बारक्या. एक कान हेडफोनमध्ये आणि एक कान बाहेर कसा ठेवायचा, दोन गाण्यांचे ठोके एकमेकांत कसे बसवायचे, हे मास्तरने त्याला शिकवलं. मग तो वेगळा झाला. होतात. मास्तरची हॉलची काही कामंही त्याच्याकडे गेली. मास्तरने शिव्या दिल्या, पण मनावर घेतलं नाही, धंदा म्हटला की हे चालायचंच. पण घरात, आपल्या पायाखाली, आपली बायको आपल्या चेल्याचं मिक्स विकत घेऊन दिवसभर लावते, याला काय म्हणायचं? तो दुसरा मत्सर असता, नवरा-बायकोमधला, तर मास्तरने निभावून नेला असता. भांडला असता, रुसला असता, दोन वेळा जेवला नसता, विषय संपला असता. हा त्याहून वाईट होता. यात रुसायचं तरी कोणावर?

जेवताना त्याने विषय काढलाच.

"मी म्हणतो, मिक्सला पैसे द्यायचे कशाचे? गाणी दुसऱ्याची. गळा दुसऱ्याचा. वाजवणारे दुसरे. याने केलं काय, तर एकापुढे एक ठेवली. रेडिओ फुकट असतो."

बायकोचा घास हातातच राहिला. तिने नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

"मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात?"

मास्तरला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "माझी गोष्ट वेगळी. मी समोर उभा असतो. माणसं बघून वाजवतो. हे म्हणजे डबाबंद."

"तुमचीही डबाबंद आहेतच की. नेटवर ढिगाने टाकून ठेवलीत, फुकट."

"मग ती का नाही लावत?"

"लावली होती. मी डोक्याला मसाज करतेय, बाईचे डोळे मिटलेत, आणि मध्येच कोणीतरी बोंबलतं, मास्तर आला रे आला. ती बाई खुर्चीतून उठून उभी राहिली. परत आली नाही ती."

ती आरोळी मास्तरची स्वतःची होती. आपलं मिक्स कोणी चोरू नये म्हणून त्याने ती जागोजाग पेरलेली. आजवर कोणी चोरलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

"आणि त्याच्यात असं सोनं काय लागलंय?"

बायकोने थोडा विचार केला. "तो एक दिवस येऊन बसला होता, सकाळपासून. कोपऱ्यातल्या स्टुलावर. ड्रायर कधी लावते, पाणी कधी सोडते, रंग लावल्यावर बाया किती वेळ नुसत्या बसून कंटाळतात, सगळं बघत होता. म्हणाला, वहिनी, तुमचं काम ऐकायला आलोय."

"आत बसू दिलंस त्याला? मला उंबरा ओलांडू देत नाहीस."

"त्याने विचारलं. तुम्ही कधी विचारलंत?"

"पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय," मास्तर म्हणाला.

"तुम्ही माझ्यासाठी पिकवलंत कधी?" असं म्हणून ती ताट घेऊन उठली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बायको बहिणीकडे गेली तशी मास्तरने पार्लरमध्ये गाणी लावायचा तिचा टॅबलेट काढला, हेडफोन चढवले आणि बारक्याचं मिक्स पहिल्यापासून ऐकायला बसला. मनात एकच, चूक सापडली पाहिजे. एक चूक सापडली असती तरी तो आठवडाभर आनंदात राहिला असता. तो डोळे मिटून, भुवया आवळून, प्रत्येक जोडाची वाट बघत बसला आणि प्रत्येक जोड त्याच्या हातावर तुरी देऊन गेला. मधे तर बराच वेळ कोणी गातच नव्हतं. नुसते सावकाश ठोके आणि कुठेतरी लांब एक गिटार. याच्यात काही होतच नाही, मास्तर स्वतःशी म्हणाला. कशाला काही चढण नाही, उतार नाही. ही काय कला? पण हेडफोन काढल्यावरही त्याला बरं वाटेना. हेवा वाटत होता, आणि तोही अगदी कच्चा. लहान भावाला मोठा लाडू मिळाला की वाटतो तसला.

त्या हेव्यातूनच त्याला युक्ती सुचली.

बारक्याचं नवीन मिक्स महिन्याच्या सुरुवातीला टॅबलेटवर येऊन पडायचं. त्याच्या जागी आपलं टाकायचं. नाव तेच, चित्र तेच. बायको दिवसभर लावेल, नेहमीसारखं म्हणेल, या वेळचं काय छान आहे. की आपण उंबऱ्यावर जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, बाईसाहेब, हे कोणाचं आहे ठाऊक आहे का? दाढी करताना त्याने हे वाक्य आरशासमोर म्हणूनही पाहिलं. त्याला दुसरं काही नको होतं. बायकोच्या तोंडून एकदा छान ऐकायचं होतं, तिने बारक्याला म्हटलं तसं. इतक्या वर्षांत तिने मास्तरचं पोट, मास्तरची कमाई, मास्तरचे मित्र, सगळ्यांबद्दल काही ना काही मत दिलं होतं. वाजवण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

मग तो कामाला बसला तो बसलाच. जेवायला बोलावलं तर आलो म्हणायचा आणि यायचा नाही. स्वतःच्या आरोळ्या त्याने एकेक करून काढून टाकल्या. आपल्या हाताने आपलंच नाव पुसायचं म्हणजे सोपं नसतं, पण पुसलं. आणि ठेवणीतली चीज बाहेर काढली. तिला त्याचे चेले मास्तरची चढण म्हणायचे. गाण्यांचा वेग इतका हळूहळू वाढवत न्यायचा की नाचणाऱ्याला कळतच नाही. त्याला वाटतं, आपल्याच अंगात आलंय. तासाभराने बघावं तर अख्खा हॉल घामाने निथळतोय आणि का ते कोणालाच सांगता येत नाही. ही चढण शहरात दुसऱ्या कोणाला साधलेली नव्हती. बारक्यालाही नाही. मास्तरने ती पार्लरसाठी अशी बसवली की मागे कधी बसवली नसेल.

महिन्याची सुरुवात झाली. बायको आंघोळीला गेली, टॅबलेट स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. मास्तरने काम उरकलं आणि चोराच्या मनात चांदणं म्हणून उगाच भांडी घासत उभा राहिला. भांडी घासणारा नवरा बघून बायकोला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण ती घाईत होती.

पार्लर उघडलं. मास्तर वरती खुर्ची ओढून बसला, चप्पल काढली, पाय जमिनीवर टेकवले. बेस वर आला. पहिला जोड, सुरेख. दुसरा, त्याहून सुरेख. चढण सुरू झाली. खालून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, शॅम्पू करणाऱ्या मुलीच्या चपलांची फटफट वाढली, कुठलीशी बाटली पडली. मास्तर खुलला. अख्खा हॉल उठवणारा माणूस तो, हलायला लागलं सगळं, म्हणाला. उठून खाली जायला निघणार, इतक्यात बेस बंद पडला. गाण्याच्या मधेच. डीजेचं गाणं मधेच बंद पडणं म्हणजे काय, ते डीजेलाच विचारावं. तो दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला.

आत शाळेच्या मुख्याध्यापिका बाई खुर्चीत बसल्या होत्या, कानाला कापूस धरून. अंगावरच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचे थेंब. बाजूला बायको उभी, कात्री खाली ठेवलेली.

"असं कधी झालं नाही हो माझ्याकडून," ती बाईंना म्हणत होती. "कधीच नाही. आज सकाळपासून नुसती घाई होतेय, आणि गिऱ्हाइकं बघावीत तर रोजच्याएवढीच. हिने दोन बाटल्या सांडल्या. माझा हात असा का पळत होता, मलाच कळत नाही."

उंबऱ्यावरच्या माणसाला कळलं. नको तितकं कळलं.

"मलाही बसवत नव्हतं," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. बाई समजूतदार होत्या. "पेपर अर्धा राहिलाय आणि घंटा व्हायला आलीय, असं वाटत होतं. ही गाणी नेहमीची नाहीत का तुमची?"

बायकोने टॅबलेटकडे पाहिलं. मग फोन उचलला, बारक्याला लावला आणि स्पीकर चालू करून समोरच्या फळीवर ठेवला.

"बारक्या, काय पाठवलंयस हे या वेळी?"

"का वहिनी, काय झालं?"

"तूच ऐक." तिने मिक्स मधूनच चालू केलं. चढण अगदी ऐन भरात होती. पार्लरभर ठोके घुमले. तिने बंद केलं.

मास्तरने दाराची चौकट धरली. ती चढण कोणाची, हे बारक्याला कोणी सांगायची गरजच नव्हती. ती शिकण्यासाठी तो मास्तरच्या बाजूला उभा राहून राहून थकला होता. आता तो एक वाक्य बोलेल आणि भर पार्लरमध्ये आपली धिंड निघेल, हे मास्तरला दिसत होतं.

"वहिनी, माफ करा," बारक्या म्हणाला. "माझीच चूक. हे नाचाच्या पार्टीसाठी केलं होतं. नावं टाकताना घोळ झाला आणि तुम्हाला गेलं. कोणाला लागलं वगैरे नाही ना?"

"मुख्याध्यापिका बाईंच्या कानाला कात्री लागली."

"अरेरे. द्या त्यांना फोन."

मग त्याने बाईंचीही माफी मागितली, तीही अशी की बाईच त्याची समजूत घालायला लागल्या. या महिन्याचे पैसे परत पाठवतो म्हणाला.

"पैसे राहू देत तुझ्याकडे," बायको म्हणाली. "पण पुढच्या महिन्यापासून पाठवू नकोस. माझं पार्लर आणि नाचाची पार्टी यांत ज्याची गल्लत होते, त्याचं मी विकत कशाला घेऊ? फुकटचं काय वाईट होतं मग?"

"बरोबर आहे तुमचं, वहिनी."

फोन ठेवला गेला. एवढं सगळं होईपर्यंत मास्तर मूग गिळून दारात उभा होता.

मुख्याध्यापिका बाई गेल्या. शॅम्पूवाल्या मुलीला बायकोने जेवायला पाठवलं, दारावरची पाटी उलटी केली आणि खुर्चीवर बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. जरा वेळाने तिला नवरा दिसला.

"या आत," ती म्हणाली. "आता कोणी नाही. उद्यापासून तुमचंच एखादं लावत जाईन. ती आरोळी तेवढी काढून द्या."

घ्या. बारक्याचा पत्ता कटला होता, बायकोने आपण होऊन मागितलं होतं, नियम मोडून आतही बोलावलं होतं. दुसरा कोणी असता तर तोंड मिटून हो म्हणाला असता आणि पेढे खाल्ले असते. मास्तरही म्हणणार होता. पण आपण आयुष्यभर घासून तयार केलेली ती चढण आता बारक्याच्या नावावर लागली होती. भले चूक म्हणून का होईना, लागली बारक्याच्याच नावावर. आणि वर मोठेपणाही त्यानेच मिरवला. हे काही मास्तरला सोसवेना.

"ती माझी होती," तो म्हणाला.

"काय?"

"ते मिक्स. ती चढण. बारक्याला ती सात जन्मांत यायची नाही. मी बदललं सकाळी."

बायकोने टॅबलेट उलटा करून ठेवला. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्याला कळलं असेल?" तिने विचारलं.

"ऐकताक्षणी."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं आणि तरी तो माझी बोलणी खात राहिला. गिऱ्हाईक घालवून बसला. आणि तुम्ही इथे उभे राहून ऐकत होतात." तिने कात्री पुसून खणात ठेवली. "का केलंत?"

"तू त्याला छान म्हणतेस."

ती उठली, पर्स घेतली. "मी बाईंच्या घरी जाऊन येते. तुम्ही वर जा आणि त्याला फोन करा. माफी मागा. पुढच्या महिन्याचं पाठव म्हणावं." दारापाशी जाऊन ती थांबली. "आणि मनापासून मागा."

मास्तर वर आला. माफीची वाक्यं त्याने मनात जुळवली. बारक्या, माझं चुकलं, पासून सुरुवात करायची होती. त्याने फोन लावला.

"बोला मास्तर," बारक्या म्हणाला. आवाजात राग नाही, टोमणा नाही. थोडा टोमणा असता तर बोलायला सोपं गेलं असतं.

माफीच मागायची होती हो, देवाशपथ. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"कशी होती?"

"काय मास्तर?"

"चढण."

"एक नंबर. तिथे कात्री नसती तर काही बोलायलाच जागा नव्हती. मला अजून नाही जमत ती."

मास्तरला छातीत हलकं वाटलं. इतकं हलकं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. इथेच थांबला असता तर निभावलं असतं, पण हेव्याचं पोट एवढ्याने कुठे भरतं?

"एक सांग," तो म्हणाला. "त्या चढणीचे कोणी पैसे दिले असते?"

"मी दिले असते, मास्तर."

बारक्या हे लगेच म्हणाला. कुठे अडखळला नाही, आवाज हलला नाही. अगदी सरळ आणि प्रेमाने. मास्तर फोन कानाला धरून उभा राहिला. मघाशी वहिनींना माझीच चूक असं खोटं सांगतानाही तो असाच बोलला होता, इतकाच सरळ आणि इतक्याच प्रेमाने.